घाम, घोट आणि घट्ट झालेली अंगठी

पत्र :

माझं वय ४६. गेल्या वर्षापासून पळायला लागले आणि काही महिन्यांनी २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पूर्ण करायची आहे. आमच्या ग्रुपचा नियम असा, की तहान लागायच्या आत पाणी प्यायचं. तहान लागली म्हणजे उशीर झाला. म्हणून मी घड्याळात गजर लावून दर १५ मिनिटांनी २८० मिलिलीटरचा भरलेला ग्लास संपवते. मागच्या रविवारी अडीच तासांत, थोडं पळत थोडं चालत, १६ किलोमीटर केले. हवा दमट होती. लघवीला एकदाही जावं लागलं नाही. शेवटी डोकं जड झालं, मळमळायला लागलं, बोटं इतकी सुजली की अंगठी निघेना. घरी आल्या आल्या वजन केलं. निघताना ६२.१ किलो होतं, आल्यावर ६३! थर्मामीटर लावला तर १०१. तापाची गोळी घेतली, पाणी कमी पडलं असणार म्हणून आणखी एक लीटर प्यायले आणि उलटी झाली. झोपून उठल्यावर दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. एवढं पळून वजन वाढतं कसं? मी नक्की किती पाणी प्यायचं? मिठाच्या गोळ्या घ्याव्यात का? आणि आमचे हे पोट कमी करायला रेनकोट घालून पळतात. घाम गाळला की चरबी जाते म्हणतात. त्यांना काय सांगू?

– एक वाचक

उत्तर :

पत्र वाचून आधी तुमची काळजीच वाटली, म्हणून लांबण न लावता सांगते. त्या रविवारी तुम्हाला पाणी कमी पडलं नव्हतं, जास्त झालं होतं. त्यावर तुम्ही आणखी एक लीटर चढवलंत. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं हे नशीब. सगळ्यांचं एवढ्यावर निभावत नाही.

पत्रावरून निदान करू नये हे मला कळतं. रक्त तपासलेलं नाही, मी तुम्हाला पाहिलेलंही नाही. पण निम्मं काम तुमच्या वजनकाट्यानं करून ठेवलंय. हिशेब मांडू. अडीच तासांत १० ग्लास, म्हणजे पोटात गेलं २.८ लीटर. एक लीटर पाण्याचं वजन एक किलो. तुमचं वजन वाढलं ०.९ किलो. लघवी झालीच नाही. मग घामावाटे गेलं किती? २.८ मधून ०.९ वजा केले की उरतात १.९ लीटर. (श्वासावाटेही थोडं पाणी जातं, जळालेल्या इंधनानंही वजन किंचित घटतं. घरगुती हिशेबात ते सोडून दिलं तरी चालतं.) थोडक्यात, तासाला पाऊण लीटर घाम आणि तासाला १.१ लीटर पाणी. बाहेर पडतंय त्याहून आत जास्त येतंय. वजन वाढण्यात दुसरं काही गूढ नाही.

मग पाणी जास्त झालं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते रक्तातल्या सोडियमचं. आपल्या रक्तात दर लीटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल (हे क्षार मोजायचं एकक) सोडियम असतं आणि शरीर हा आकडा फार काटेकोरपणे सांभाळतं. घामातून थोडं मीठ गेलं आणि वरून भरपूर साधं पाणी आलं, की रक्त पातळ होतं. मग पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. बोटातल्या पेशी फुगल्या तर अंगठी अडकते, त्यानं फारसं बिघडत नाही. मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत असतो, त्याला फुगायला जागाच नाही. म्हणून आधी डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते. पातळी आणखी घसरली तर माणूस असंबद्ध बोलतो, फिट येते, आणि कधी कधी जीवही जातो. सुरुवातीची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो. तुम्ही नेमकं तेच केलंत.

हे विरळा आहे असं समजू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली आलं होतं आणि तिघांचं तर १२० किंवा त्याहीखाली, म्हणजे जिवावर बेतण्याइतकं. यात सापडले कोण? शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं ते, आणि ज्यांना ४ तासांहून जास्त वेळ लागला ते. पुढे पळणाऱ्यांना प्यायला सवडच नसते. मागून निवांत येणाऱ्याला प्रत्येक टेबलापाशी थांबायला वेळ असतो, आणि कमी वेगामुळे त्याचा घामही कमी. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली, ती मिठाच्या तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे : नुसतं पाणी प्यायलेल्यांत आणि स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलेल्यांत फरक पडला नव्हता. त्याचं कारण पुढे सांगते.

तुम्ही म्हणाल, जास्त झालेलं पाणी लघवीवाटे निघून का गेलं नाही? बसल्या जागी प्यायला असतात तर गेलं असतं. निरोगी मूत्रपिंडं गरज पडली तर तासाला पाऊण-एक लीटर पाणी बाहेर टाकू शकतात. पण पळताना मेंदूतून व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना सांगतं, 'पाणी धरून ठेवा.' परिश्रम, वेदना, मळमळ या सगळ्यांनी ते सुटतं. घामात पाणी जात असताना ही सोय चांगलीच. पण माणूस त्याच वेळी घड्याळ बघून पीत असेल तर बाहेरची वाट बंद आणि आतली उघडी, अशी गत होते. अडीच तासांत पावणेतीन लीटर पिऊन लघवी लागली नाही, ही खरं तर धोक्याची घंटा होती. तुम्हाला ती 'पाणी कमी पडतंय' अशी ऐकू आली.

आता तो ग्रुपचा नियम. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि कबूल करते, की 'तहान लागायच्या आत प्या' हे मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगितलंय. तेव्हा पुस्तकी मतच तसं होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेनं १९९६ मध्ये जो सल्ला दिला, त्यात घामानं जाईल तेवढं किंवा सोसवेल तितकं जास्तीत जास्त प्या, असा सूर होता. २००७ मध्ये त्यांनीच तो बदलला : शरीराचं वजन २ टक्क्यांहून जास्त घटू देऊ नका, पण घामाहून जास्त पिऊ नका, आणि प्रत्येकानं आपलं प्रमाण आपण शोधा. वरचा सल्ला बदलला, पण ग्रुपमधला जुना नियम कोण बदलणार?

तहानेला आपण उगाच कमी लेखतो. मेंदूच्या तळाशी काही पेशी रक्ताचा दाटपणा सतत चाखत बसलेल्या असतात. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाटलं तरी त्या ओरडतात, आणि त्यालाच आपण तहान म्हणतो. गंमत म्हणजे पाणी रक्तात पोचायच्या कितीतरी आधी, तोंड-घसा-पोटातून गेलेल्या निरोपावरच ही तहान शमते. पुरेसं झालं हे शरीर आधीच ओळखतं. आता यातला कच्चा दुवाही सांगते. भर उन्हात घाम गाळणारी माणसं घामाइतकं पाणी आपणहून पीत नाहीत, थोडं कमीच पितात, हे १९४० च्या दशकात वाळवंटात केलेल्या निरीक्षणांतून कळलं होतं. पण ती तूट जेवणाबरोबर भरून निघते. आणि एक-दीड टक्का घट हे काही संकट नव्हे. तहान मंद होते ती मुख्यतः म्हातारपणी. तुमचं ४६ वय त्यात बसत नाही.

एका जातीच्या धावपटूला मात्र तहानेवर सोडून चालत नाही : वेगानं पळणारा, भरमसाट घाम येणारा. १९८४ च्या ऑलिम्पिक मॅरेथॉनच्या तयारीत आल्बेर्तो सालाझारचा घाम मोजला तेव्हा तो तासाला सुमारे ३.७ लीटर भरला. एवढं पाणी पळताना कुणाच्या पोटातून पुढे सरकणारच नाही; ती तूट गृहीत धरूनच पळावं लागतं. त्याच्यासाठी आखलेला नियम तुम्ही-आम्ही पाळायचा म्हणजे पैलवानाचा खुराक लेकराला भरवण्यासारखं आहे.

आता त्या १०१ कडे येऊ. तो ताप नव्हता, म्हणून गोळीचा उपयोगही नव्हता. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग तापमान सांभाळतो, त्यानं ठरवलेली पातळी साधारण ३७ अंश सेल्सिअस. जंतुसंसर्गात हायपोथॅलॅमस स्वतःच ती पातळी वर सरकवतो. म्हणून ताप चढताना थंडी वाजते, पांघरूण हवंसं वाटतं : शरीराला नव्या पातळीला पोचायचं असतं. तापाची गोळी ही सरकलेली पातळी खाली आणते. पळताना पातळी जागची हलत नाही. उष्णताच इतकी तयार होते, की बाहेर टाकता टाकता शरीर मागे पडतं. त्यामुळे गोळीला खाली आणण्यासारखं काही उरत नाही. पळून आल्यावर शरीराच्या आत ३८ ते ३९ अंश असणं अगदी नेहमीचं. तुमचे १०१ म्हणजे ३८.३. लांब पळण्याआधी किंवा नंतर लगेच वेदनाशामक गोळ्या घेऊच नका. त्यातल्या काही मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवतात, आणि तो अशा वेळी आधीच घटलेला असतो.

उष्णता किती तयार होते, त्याचा अंदाज घेऊ, कारण मला ही आकडेमोड फार आवडते. किलोमीटरमागे, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, पळायला साधारण १ किलोकॅलरी लागते. तुमचे ६२ किलो आणि १६ किलोमीटर म्हणजे हजारेक किलोकॅलरी. स्नायू यातला जेमतेम पाव भाग कामाला लावतात, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे किमान ७५० किलोकॅलरी. तुमच्या शरीराचं तापमान १ अंशानं वाढवायला ५० च्या आसपास लागतात. तेव्हा ही उष्णता अंगातच राहिली असती तर तापमान १५ अंशांनी चढलं असतं, ३७ वरून ५२ वर. प्रत्यक्षात वाढलं एक-दीड अंश. तुमचं शरीर त्या दिवशी जे करत होतं त्याला तोड नाही, आणि त्यावर तुम्ही त्याला गोळी दिलीत!

हे कसं साधतं? आतली उष्णता रक्त उचलतं आणि कातडीपाशी आणतं. बसल्या जागी कातडीतून मिनिटाला अर्धा लीटरही रक्त फिरत नाही. कडक उष्म्यात ते ७-८ लीटरपर्यंत जाऊ शकतं. स्नायूंनाही रक्त हवं, कातडीलाही हवं, आणि हृदय एकच. म्हणून गरम हवेत त्याच वेगाला ठोके जास्त पडतात आणि वेळ जाईल तसे वाढत जातात. अशा दिवशी आपला वेग आपोआप उतरतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. कातडीपर्यंत आलेली उष्णता थोडी हवेत जाते, थोडी किरणांनी निघून जाते. पण हवा कातडीइतकी, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास, तापली की या दोन्ही वाटा बंद होतात. त्याहून तापली तर उलट उष्णता आत येऊ लागते. तेव्हा उरतो फक्त घाम. आपल्या अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि एक लीटर घाम कातडीवरून वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तुमच्या ७५० साठी १.३ लीटर वाळला असता तरी भागलं असतं. आला मात्र १.९ लीटर. वरचा बराचसा गेला कुठे? ठिबकून जमिनीवर. दमट हवेत वाळायला जागा नसते, घाम नुसता ओघळतो. ओघळलेला घाम पाणीही नेतो आणि मीठही नेतो, गारवा मात्र देत नाही. गार करतं ते घामाचं वाळणं.

हेच दाखवणारा जुना प्रयोग आहे. १७७४-७५ च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर मित्रांना घेऊन भट्टीसारख्या तापवलेल्या कोरड्या खोलीत शिरला. पारा १२७ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. तिथे ठेवलेलं मांस शिजलं, अंडी कडक झाली, आणि ही माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर आली. मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो. खोलीत उघड्या भांड्यात ठेवलेलं पाणी काही केल्या उकळेना, कारण ते वाळत होतं आणि वाळता वाळता स्वतःला गार ठेवत होतं. पाण्यावर तेलाचा थर टाकला, वाळणं थांबलं, आणि ते उकळायला लागलं.

तुमच्या यजमानांचा रेनकोट म्हणजे हा तेलाचा थर.

त्यांच्याशी जरा कडक बोलावं लागेल. घामात पाणी असतं, मीठ असतं, आणखी काही क्षार असतात, चरबी नसते. रेनकोटाच्या आत हवा दमट होऊन कोंडते, घाम वाळत नाही, म्हणून मेंदू आणखी घाम सोडायला सांगतो, तोही वाळत नाही. काट्यावर एक-दीड किलो उतरलेलं दिसतं ते पाणी असतं आणि दोन वेळा पोटभर पाणी प्यायलं की परत येतं. चरबी जाते कुठून, हे ऐकून ते चकित होतील : बहुतेक श्वासातून. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा अभ्यासकांनी हा हिशेब मांडला होता. १० किलो चरबी जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यामुळे जो माणूस रेनकोट काढून ठेवतो, त्याला जास्त लांब आणि जास्त वेगात पळता येतं, आणि चरबीही त्याचीच जास्त जळते.

हे त्यांना पटलं नाही तर पुढचं सांगा. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतले तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर महिन्याभरात दगावले. वजनगटात बसण्यासाठी ते हवा न जाणारे कपडे घालून, तापवलेल्या खोलीत व्यायाम करून, पाणी तोडून घाम काढत होते. तरणीताठी, कमावलेल्या शरीराची मुलं. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत अशा कपड्यांवर बंदी आली. मी वर्गात याचं सौम्य प्रात्यक्षिक करायचे : एका विद्यार्थ्याच्या हातावर मनगटापर्यंत प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि दुसरा हात उघडा ठेवायचा. दहा मिनिटांत बांधलेला हात ओलाकिच्च, लालसर, गरम. यजमानांना आज संध्याकाळी करून बघायला सांगा, पळायची गरज नाही.

आता तुम्ही किती प्यायचं. याचं उत्तर ग्लासात देता येत नाही, कारण घाम माणसागणिक, वेगागणिक, हवेगणिक बदलतो. तासाला अर्ध्या लीटरपासून दोन लीटरपर्यंत कुठेही असू शकतो. पण तुमच्याकडे काटा आहे. तासाभराचं पळणं घ्या. आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. पळताना जे प्याल ते मोजून ठेवा. आल्यावर अंग पुसून, ओले कपडे काढून पुन्हा वजन करा. घटलेलं वजन अधिक प्यालेलं पाणी, एवढा तुमचा तासाचा घाम. गार हवेत एकदा, दमट हवेत एकदा, कोरड्या उन्हात एकदा असं करून पाहा. तीन-चार आकडे जमले की तुमचा तुम्हालाच अंदाज येईल. नियम एकच लक्षात ठेवा : परत आल्यावर काट्यानं निघतानापेक्षा जास्त दाखवायचं नाही. किलो-सव्वा किलो कमी दाखवलं तर तुमच्या वजनाला चालतं, तो तुमचा २ टक्क्यांच्या आतला भाग. त्या रविवारचंच घ्या : १.९ लीटर घाम आला होता, तर एक-सव्वा लीटर पाणी पुरून उरलं असतं. तहान लागली की दोन-चार घोट, नाही लागली तर नाही.

लघवीच्या रंगावरून अंदाज घेण्याची पद्धत ठीक आहे, पण फार विसंबू नका. जीवनसत्त्वाची गोळी घेतली की ती पिवळीजर्द होते, आणि पळताना व्हासोप्रेसिनमुळे पाणी भरपूर असतानाही कमी आणि गडद होते.

मिठाच्या गोळ्या तुम्हाला नकोत. घामाच्या एका लीटरमध्ये सोडियम असतं साधारण अर्धा ते दोन ग्रॅम, पुन्हा माणसागणिक वेगळं. कपड्यांवर पांढरे पट्टे उठत असतील तर तुमचा घाम खारट आहे, एवढंच समजायचं. अडीच-तीन तासांत जाणारं मीठ पुढच्या जेवणात भरून येतं. तुमचं सोडियम खाली गेलं असेल, तर ते मीठ कमी पडल्यानं कमी आणि पाणी जास्त झाल्यानं जास्त. स्पोर्ट्स ड्रिंकनं फरक का पडला नाही, त्याचं कारण इथेच आहे. अशा बहुतेक पेयांत लीटरमागे २० च्या आसपास मिलिमोल सोडियम असतं आणि रक्तात १४० च्या. ते जास्त प्यायलं तर रक्त पातळच होणार, फक्त किंचित हळू. ओआरएसमध्ये ७५ असतं, आणि त्यातलं ग्लुकोज आतड्याच्या अस्तरातून सोडियमला हाताला धरून आत नेतं, पाठोपाठ पाणी जातं. मुळात ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. खूप घाम गेल्यावर, परत आल्यावर, ते उपयोगी पडेल. पळताना ते ग्लासावर ग्लास प्यायचं नाही. पोटऱ्यांत गोळे येतात तेही मिठाअभावी येतात असं सरसकट म्हणता येत नाही. थकलेल्या स्नायूला मिळणारे चुकीचे इशारे हे मोठं कारण दिसतं, आणि तिथे स्नायू ताणून धरणं गोळीपेक्षा लवकर आराम देतं.

उष्म्याची सवय करून घ्या, यात सगळ्यात जास्त फायदा आहे. रोज तासाभराचा व्यायाम गरम हवेत, सुरुवातीला हळू, असे दहा-चौदा दिवस गेले की शरीर खरोखर बदलतं. पहिल्या काही दिवसांतच रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वाढतं आणि हृदयाचा ताण उतरतो. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, आणि त्यातलं मीठ घटतं, कारण घर्मग्रंथी ते परत शोषून घ्यायला शिकतात. 'सराव झाला की घाम कमी येतो' हा समज उलटा आहे. घाम वाढला की पाणीही जास्त लागणार, म्हणून वजनाचे आकडे या सवयीनंतर पुन्हा घ्या. मध्ये दोन-तीन आठवडे खंड पडला तर बराचसा फायदा जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दोन गोष्टी डॉक्टरांना भेटून विचारा. रक्तदाबासाठी किंवा मनाच्या आजारासाठी गोळ्या चालू असतील, तर त्यातल्या काहींनी सोडियम आणखी उतरतं. आणि त्या रविवारचं सगळं त्यांना सांगा, वजनाच्या आकड्यांसकट.

पुन्हा कधी पळताना तुम्ही किंवा ग्रुपमधलं कुणी गोंधळलेलं वाटलं, झोक जाऊ लागला, भलतंच बोलू लागलं, तर पाणी पाजायची घाई कुणी करू नये. दोन शक्यता असतात. अंग भाजत असेल तर उष्माघात. आतलं तापमान ४० अंशांवर आणि त्यासोबत डोक्याचा गोंधळ ही त्याची खूण. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. तिथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे : मदत बोलवा आणि ती येईपर्यंत माणसाला गार पाण्यात मानेपर्यंत बुडवा, टब नसेल तर पाणी ओतत राहा, ओले कपडे आणि बर्फ लावा, वारा घाला. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. अंग फारसं गरम नसेल, आणि माणूस खूप प्यायलेला असेल, उलट्या करत असेल, तर सोडियमचा संशय धरा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगा : 'हिनं पळताना खूप पाणी प्यायलं आहे.' मग ते साधं सलाइन लावण्याआधी रक्त तपासतील. त्यावरचा उपचार दाट मिठाचं सलाइन, आणि ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

अंगठीचं राहिलंच. नुसत्या बोटांच्या सुजेवरून घाबरू नका; गरम हवेत हातांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हात खाली सोडून तास-दोन तास चालणाऱ्या कुणाचीही बोटं थोडी फुगतात. सुजेबरोबर काटाही वर गेला असेल, तर मात्र पिणं थांबवा आणि लघवी सुटेपर्यंत वाट बघा. लांब पळायला निघताना अंगठी घरीच काढून ठेवा. आणि पुढच्या तीन रविवारचं आधीचं वजन, नंतरचं वजन, किती प्यायलात आणि हवा कशी होती, हे सगळं लिहून पाठवा. २१ किलोमीटरसाठी बाटली केवढी न्यायची, ते त्या आकड्यांवरून ठरवू.